उभ्या गाडीला विमा कशाला?

३ ऑगस्ट, रविवार

पंपाच्या डीलरनं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. जानेवारी ते जुलै कोरी आहे. ते महिने तसेही विशेष नव्हते. आजपासून रोज लिहायचं.

कारण व्हॅनचा विमा १३ सप्टेंबरला संपतोय. एक्केचाळीस दिवस हातात आहेत. गेल्या वर्षी नीलेशनं, म्हणजे माझ्या बायकोच्या, नम्रताच्या भावानं, मोबाइल पुढे केला आणि मी काहीही न वाचता ओके दाबलं. माणूस कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेतो. आणि ज्या गाडीवर घर चालतं तिचा विमा असा? यंदा पूर्ण अभ्यास करून, कर्जत तालुक्यात कोणी घेतला नसेल असा विमा घ्यायचा.

व्हॅन म्हणजे 'सदानंद पंप सर्व्हिस'. दारावर माझं नाव, खाली मोबाइल नंबर. आधी नऊ वर्षं मी खोपोलीच्या प्रवीणशेठकडे हेल्पर होतो. शेठ आणि ड्रायव्हर पुढे, मी मागे पाइपांवर. कशेळ्यापासून खोपोलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा मला पाठीकडून माहीत आहे. व्हॅन घेतली त्या दिवसापासून मी पुढे बसतो.

५ ऑगस्ट

कालचं लिहायचं राहिलं. बोअरची मोटर काढायला गेलो होतो.

९ ऑगस्ट, राखी

नीलेश आला. बहिणीला साडी, मला कोटेशन. म्हणाला, "भावोजी, जुनीच रिन्यू करतो, पाच मिन्टाचं काम हाय." मी त्याला विचारलं, जे काम पाच मिनिटांत होतं त्याला काम म्हणतात का? तो हसला.

नम्रताचं म्हणणं, आपल्याच माणसाला कमिशन मिळालं तर बिघडलं कुठं. हीच आपल्या लोकांची वृत्ती. मी तिला समजावलं की विमा आणि नातं वेगळं ठेवावं. ती म्हणाली, "ठेवा वेगळं. पण काढा म्हंजे झालं."

१२ ऑगस्ट

आज मोठं काम झालं. शाळेच्या ड्रॉइंगच्या कागदावर तक्ता आखला. आडवे रकाने सात. साधी थर्ड पार्टी. मग फर्स्ट पार्टी. उभ्या गाडीला कोणी ठोकलं तर. पूर, दरड, झाड वगैरे. आतल्या हत्यारांचं काय. कंपनीचं गॅरेज किती लांब. सातवा रकाना हेल्परचा. हा कोणाच्या लक्षात येत नाही. मालगाडीत मागे सामानात बसलेल्या माणसाला काही झालं तर साध्या पॉलिसीतून दमडी मिळत नाही, त्याच्यासाठी जादा पैसे भरून वेगळं कव्हर घ्यावं लागतं. हे मी स्वतः शोधलं. त्यापुढे शेरा लिहिला: 'गरज नाही. मालक पुढे बसतो.'

उभ्या कंपन्या तीन. आठवड्यात निर्णय.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला सखा भेटला. कशेळ्यात त्याचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे, त्याचीही व्हॅन आहे. तक्त्याचं सांगितलं तर म्हणाला, "सदूभाऊ, मला पन पाठव ना रं." एकट्या सख्याला कशाला? गावोगाव असे किती सुतार, वायरमन, रंगारी आपली गाडी एजंटच्या भरवशावर चालवतायत. घरी येऊन व्हॉट्सॅप ग्रुप काढला. 'व्हॅन विमा मार्गदर्शन, कर्जत-खालापूर'. ॲडमिन मी.

१८ ऑगस्ट

ग्रुपमध्ये चव्वेचाळीस जण. दिवसभर शंकांना उत्तरं दिली. सगळ्यांना बजावलं की शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

एक बोअर राहिला. उद्या.

२२ ऑगस्ट

कंपन्या तीनच्या अकरा झाल्या. प्रत्येकीच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर दिल्याशिवाय रेट दिसत नाही. त्यामुळे आता सकाळी नऊपासून मुली फोन करतात. आज विहिरीत उतरलो होतो, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह हातात, पाणी गळ्याशी, आणि एक मुलगी वरून वाजतेय. ठरवलं, अनोळखी नंबर उचलायचाच नाही.

त्यात संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकंही गेली असं कळलं. अभ्यासाची किंमत मोजावी लागते.

२७ ऑगस्ट, गणपती

बाप्पा बसले. या दिवसांत कागदपत्रांचं काम नको. गौरी गेल्या की बसतो.

२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. आणि आज चक्क प्रवीणशेठचा फोन! मला वाटलं नेहमीसारखा "परत ये रं सदू, तुझी जागा ठेवलीय" म्हणणार. तर म्हणे, "सखा सांगत होता, तू विम्याचा काय तक्ता केलायस. माझ्या दोन गाड्यांचा आलाय. पाठव की." ज्या माणसानं नऊ वर्षांत मला एकदाही पुढे बसवलं नाही, तो आज माझ्याकडे ज्ञान मागतोय. पाठवला. फोटो नीट यावा म्हणून अंगणात उन्हात धरून काढला. नम्रतानं कोपरे धरले.

ती म्हणाली, "सगळ्या जगाचं झालं. आपलं कधी?" मी म्हटलं, अजून अकरा दिवस आहेत.

४ सप्टेंबर

प्रवीणशेठनं त्याच दिवशी दोन्ही गाड्यांचा विमा काढला. इतकी घाई! पण मेसेजमध्ये लिहिलंय, 'सदू, तुझ्या शेऱ्याप्रमाणे घेतलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.' हा मेसेज स्टार करून ठेवला.

७ सप्टेंबर, रविवार

भिंतीवरच्या कॅलेंडरनं घात केला. उद्यापासून पितृपक्ष. मी आज दुपारी निर्णय घेणारच होतो, दोन कंपन्यांवर आलो होतो, तर आज नेमकं ग्रहण. ग्रहणात सही करायची नाही. आणि उद्यापासून पंधरा दिवस नवीन काही घ्यायचं नाही. म्हणजे थेट २२ तारखेला, घटस्थापनेला.

मधले आठ-नऊ दिवस विमा नसेल. पण विचार केला तर घाबरण्यासारखं काही नाही. विमा कशासाठी? अपघातासाठी. अपघात कधी होतो? गाडी चालली की. गाडी चालवलीच नाही तर विमा हवाच कशाला? इतकी साधी गोष्ट अकरा कंपन्यांच्या एकाही मुलीनं मला सांगितली नाही. सांगतील कशा!

नीलेशचा फोन. "भावोजी, रिन्यूअल हाय ते. नवीन थोडंच हाय?" पण मी कंपनी बदलतोय, म्हणजे ते नवीनच. आणि जुनीच रिन्यू करायची तर एवढा अभ्यास पाण्यात.

सगळ्यात धक्का आईनं दिला. आई म्हणजे इंदूबाई, जी पितृपक्षात नवी केरसुणी घरात येऊ देत नाही. ती म्हणाली, "सोनं नाय घ्यावं, गाडी नाय घ्यावी, ह्ये खरं. पन विमा काय शुभकार्य हाय का? मेल्यामोडल्याचंच काम त्ये. पितरांना आवडंलच." म्हाताऱ्या माणसांना आधुनिक गोष्टी कळत नाहीत.

११ सप्टेंबर

सख्याच्या व्हॅनला गेल्या आठवड्यात चारफाट्यावर डंपर घासून गेला. दार गेलं, सखा ठीक. विमा माझ्या तक्त्यातून घेतलेला, कंपनीनं आज क्लेम मंजूर केला. ग्रुपवर सख्यानं लिहिलं, 'हे सगळं सदूभाऊंमुळे.' खाली एकतीस जणांनी हात जोडले. मी तीन वेळा वाचलं.

मग कोणीतरी विचारलं, सदूभाऊ, तुम्ही स्वतः कोणती घेतली? मी लिहिलं, 'योग्य वेळी जाहीर करू.' त्यालाही हात जोडलेले आले.

१३ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी ६

शेवटचा दिवस. गाडी रस्त्याच्या कडेला ठेवणं धोक्याचं. रकाना तीन, उभ्या गाडीला धडक. म्हणून घराच्या मागे नेऊन जांभळाखाली लावली. तिथे ना डंपर, ना बाइकवाली पोरं, ऊनही लागत नाही. चाकांना चार दगड लावले. हँडब्रेक ओढला. चावी देवघरात ठेवली. यापेक्षा सुरक्षित गाडी अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल.

आई ओट्यावरून ओरडली, "जांभळाखाली गाडी लाऊ नको रं, जांभूळ कवा मोडंल नेम नाय." हे झाड माझ्या लहानपणापासून उभं आहे. तेव्हापासून ती हेच ओरडतेय.

१४ सप्टेंबर

पहिला दिवस. गाडीला काहीही झालं नाही.

१५ सप्टेंबर

काही झालं नाही. विम्याचे दोन दिवसांचे पैसे वाचले.

१६ सप्टेंबर

पळसदरीच्या रिसॉर्टवरून फोन. मोटर जळली, पर्यटक आलेत, पाणी नाही. जुनं गिऱ्हाईक. बाइकवर गेलो, पिशवीत पाने. मोटर तीनशे फुटांवर, आणि ती वर खेचायची चेन पुली गाडीत. पिशवीतल्या पान्यांनी मी बोअरच्या तोंडाशी दीड तास काहीतरी केलं. मॅनेजर शांतपणे बघत होता. मग त्यानं कोणाला तरी फोन लावला आणि तासाभरात प्रवीणशेठची गाडी आली. नामा चालवत होता. नामा मला ओळखतो, मी मागे बसायचो तेव्हा तोच ड्रायव्हर. म्हणाला, "गाडी कुठं हाय रं तुजी?" मी म्हटलं, सर्व्हिसिंगला.

नम्रताला खरं सांगितलं. तिनं सरळ ताट वाढलं. हे वाईट लक्षण.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाबांची तिथी. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. केळीच्या पानावर घास काढून मागच्या दारी ठेवला. कावळे जांभळावर पाच-सहा बसलेले, एक खाली येईना. मी काव काव केलं. आईनं केलं. अर्धा तास झाला, वडे गार पडले. आईचं म्हणणं, त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय, कबूल करा. मी म्हटलं, बाबा, ओट्याला लादी बसवतो. कावळा ढिम्म. आईनं कबूल केलं, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेते. नाही.

तेवढ्यात नम्रता पुढे झाली, डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "मामंजी, ह्ये गाडीचा विमा काढतील."

एक कावळा सरळ खाली आला आणि वडा उचलून व्हॅनच्या टपावर जाऊन बसला.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी दोघींना समजावलं की अर्ध्या तासात कोणत्याही पक्ष्याला भूक लागते. तरी मान ठेवून जाहीर केलं की २२ तारखेला सकाळी पहिलं काम तेच. नम्रता म्हणाली, "बाबांनी तारीख नाय मागितली."

२० सप्टेंबर

दिवसभर पाऊस, वाराही. बाहेर कामच नाही, म्हणजे गाडी उभी ठेवली ते बरोबरच.

आज अखेर कंपनी ठरली! साती रकान्यांत पहिली. विशेषतः चौथ्यात. झाड पडलं तर पूर्ण भरपाई, वर टोइंगचा खर्च. फॉर्म भरून मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला, फक्त शेवटचं बटण दाबायचं. घटस्थापना झाली की सव्वानऊला दाबतो. एक्केचाळीस दिवसांचे पन्नास झाले, पण निर्णय असा घ्यावा.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सकाळी सात वाजता जांभूळ मोडलं.

सगळं नाही, एकच फांदी. पण ती खोडाएवढी होती. टप सीटपर्यंत खाली आलाय. माझ्या सीटपर्यंत. दारावरचं 'सदानंद' अजून दिसतं, 'पंप सर्व्हिस' आत गेलं. चाकांना लावलेले चार दगड जागच्या जागी होते.

आई धावत आली, पण तिनं "मी म्हटलं नव्हतं" असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी रडलो. हे लिहिणार नव्हतो, पण डायरी माझीच आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सव्वानऊला बटण दाबलं. दिलेला शब्द पाळायचा. स्क्रीनवर आलं: 'आपली जुनी पॉलिसी संपली आहे. कृपया वाहनाचे चारही बाजूंनी फोटो काढा.'

गेल्या दसऱ्याचा फोटो होता, झेंडूचा हार घातलेली, धुतलेली. तो लावता येत नाही. तिथल्या तिथे काढावा लागतो. नीलेशला फोन केला, म्हटलं काही होतं का बघ. तो म्हणाला, "भावोजी, मी तेराला आठ वेळा फोन केला तुमाला. तुमी उचलला नाय." अनोळखी नंबर उचलायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण नीलेशचा नंबर ओळखीचा होता. तो मी मुद्दाम उचलला नव्हता. कमिशन वाचवत होतो.

२५ सप्टेंबर

गॅरेजवाला येऊन गेला. चासी वाकलीय. भंगारवाल्याचा नंबर देऊन गेला. चहा नको म्हणाला.

ग्रुपवर कोणीतरी गाडीचा फोटो टाकला. सख्यानं लगेच लिहिलं, 'टेन्शन घेऊ नका कोणी. झाड म्हंजे रकाना चौथा. सदूभाऊंचं सगळं येनार.' मी अंगठा टाकला.

२८ सप्टेंबर

उपाय शोधतोय. बाइकला कॅरिअर लावून चेन पुली नेता येईल का? मोजलं. येत नाही. नम्रताचं मंगळसूत्र मोडून जुनी गाडी घ्यायचं ती स्वतःच बोलली. मी नाही म्हटलं. एवढा एक निर्णय मी लगेच घेतला.

प्रवीणशेठचा फोन आला. त्याला कळलेलं दिसतंय, पण विम्याचं त्यानं काही विचारलं नाही. "जागा ठेवलीय," एवढंच म्हणाला.

२ ऑक्टोबर, दसरा

सख्याच्या वर्कशॉपवर ग्रुपचा कार्यक्रम. रांगेत सतरा व्हॅन, सगळ्या धुतलेल्या, हार घातलेल्या, सगळ्यांचा विमा माझ्या तक्त्यातला. माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. खूप टाळ्या पडल्या. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पेढे आले.

घरी पूजेला गाडी नाही. नम्रतानं पान्यांची पिशवी पाटावर ठेवली आणि त्यावर झेंडूचं एक फूल वाहिलं. आपट्याची पानं दिली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ती म्हणाली, "जाऊ दे आता. उद्या डबा किती वाजता हवा?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा सात वाजता. कशेळे नाक्यावर प्रवीणशेठची गाडी उभी. पुढे नामा आणि शेठ. शेठनं विचारपूस केली, बरं वाटलं. डॅशबोर्डवर प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसी होती आणि तिच्याबरोबर घडी घातलेला माझा तक्ता, रंगीत प्रिंट काढलेला. शेठ म्हणाला, "ह्यो कायम गाडीत ठेवतो. तू सांगितलंस तसंच घेतलंय सगळं. सातव्या रकान्याचं कव्हर तू नको म्हनला होतास, ते नाय घेतलं."

मी म्हटलं, बरोबर केलंत.

मग मागचं दार उघडून पाइपांवर बसलो.